४८ आय/७ : लोंढ्याचं शीट घेऊन

गुरुवार, बेळगाव

बेळगावकराचं नशीब असं की त्याचं गाव नेहमी नकाशाच्या कडेला येतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटची, म्हणजे डोंगर, नद्या, वाटा आणि उंची दाखवणाऱ्या नकाशाची, चौकट पंधरा मिनिटं अक्षांश आणि पंधरा मिनिटं रेखांश, म्हणजे साधारण २७ किलोमीटरचा चौकोन. ७४ अंश ३० मिनिटांची रेघ नेमकी बेळगाववरून खाली उतरते. त्यामुळे अर्धं गाव ४८ आय/५ वर, अर्धं ४८ आय/९ वर. खानापूरचंही तेच, आय/६ आणि आय/१० यांच्या शिवेवर. लोंढा, खानापूरच्या पुढचं रेल्वे जंक्शन, तेवढं आय/७ वर सलग मिळतं, पण तेही उजव्या कडेला चिकटून. कुठल्याही गावाच्या भोवतालचा मुलूख बघायचा म्हटलं की दोन शीटं शेजारी शेजारी मांडायची, रेघा जुळवायच्या, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवायच्या.

आत्तेभाऊ वाट्या ठेवता ठेवता म्हणाला, "फोनवर सगळं दिसतंय की रे. हे गाठोडं कशाला?"

फोनवर आज दिसतं. मला कालचं बघायचं होतं, आणि ते हातात घेऊन बेळगावपासून कॅसलरॉकपर्यंत फिरायचं होतं. ही शीटं स्वातंत्र्याआधीची, एक इंचाला एक मैल या मापाची. एका स्नेह्यांच्या आजोबांचा लाकडाचा धंदा होता, त्यांच्या ट्रंकेत निघाली. मागे कापड डकवलेलं, घड्यांवर कागद पिवळा पडलेला, आणि लोंढ्याच्या पश्चिमेला कुणीतरी निळ्या पेन्सिलीने मारलेल्या खुणा, बहुधा तोडीच्या कूपांच्या, म्हणजे झाडं तोडायला आखून दिलेल्या तुकड्यांच्या. उंची फुटांत, समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, पन्नास-पन्नास फुटांच्या. मेट्रिक शीट नंतरची: १:५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, आणि रेषा वीस-वीस मीटरच्या. दोन्हींची सवय असलेला माणूस सोडला तर बाकीच्यांचा इथेच गोंधळ उडतो.

आमच्या कॉलेजच्या काळात ही शीटं दुकानात मागायची सोय नव्हती. किनाऱ्यापासून आणि सरहद्दीपासून साधारण ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले मोठ्या मापाचे नकाशे प्रतिबंधित असत, आणि लोंढा, गोव्याच्या हद्दीजवळचं कॅसलरॉक हा सगळा भाग त्या पट्ट्यात. म्हणजे ज्या डोंगरात आमची गुरं चरायची त्याचा नकाशा आम्हाला बघायची मनाई. गंमत म्हणजे अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात काढलेली यू ५०२ ही हिंदुस्थानची मालिका टेक्सास विद्यापीठाने केव्हाच सगळ्यांसाठी खुली केली होती. अडीच लाखाला एक असं तिचं माप, त्यामुळे लोंढ्याचं स्टेशन टिकलीएवढं, पण होतं तरी. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी मालिका आली, २०१७ मध्ये ती आधार क्रमांक देऊन घरबसल्या उतरवता यायला लागली. चांगलं झालं, पण पन्नास वर्षं उशिरा.

रात्री शीटांचे फोटो काढून फोनमध्ये बसवले. मूळ कागद प्लास्टिकच्या नळकांड्यात.

शुक्रवार, खानापूर आणि गुंजी

सकाळची गाडी. देसूर, इदलहोंड, खानापूर. थंडी कडक, खिडक्या बंद, डब्यात निम्मी माणसं मफलरमध्ये गुंडाळलेली. समोरच्या बाईंनी आम्हाला नकाशा उलगडताना बघून विचारलं, "मोजणीचे काय वो तुम्ही?" आमच्याकडे कागद आणि अनोळखी माणूस एकत्र दिसला की शेतकरी आधी हेच विचारतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. रस्ता रुंद करायला आलेले लोकही असेच कागद घेऊन आले होते. आत्तेभावाने कन्नडमधून आणि मग मराठीतून समजावलं की आम्ही रिकामटेकडे आहोत. त्यावर त्यांचा लगेच विश्वास बसला.

ही लाईन दुष्काळाने आणली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात या भागात धान्य पोचवायला गाडीवाटांशिवाय काही नव्हतं. पुढे १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली, मीटरगेज, म्हणजे मीटरभर रुंदीचे रूळ, टाकत आली आणि १८८७ मध्ये बेळगावला रूळ पोचले. शीटवर ते रूळ बघितले की कंपनीच्या इंजिनिअरांचं डोकं दिसतं. बेळगावपासून खानापूरपर्यंत लाईन फारशा वळणांशिवाय येते, कारण समोच्च रेषा विरळ आहेत. खानापूरच्या दक्षिणेला मलप्रभा ओलांडली की तपकिरी रेषा दाटायला लागतात आणि काळी रेघ त्यांच्यामधून वाट काढत नागमोडी होते. जिथे रेषा जवळ तिथे चढ, जिथे चढ तिथे वळसा.

खानापुरात उतरून चहा. गावाची चिकणमाती प्रसिद्ध. कौलं, विटा, कुंभारकाम यावर पिढ्या जगल्या, आणि ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही इथेच आहे. आय/१० वर उजवीकडे नंदगड, हलशी. हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका, नंदगड म्हणजे २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला जिथे फाशी दिलं ते गाव, आणि घाटाखालच्या मालाची जुनी पेठ. रेल्वे नंदगडला न जाता खानापूरवरून गेली. एवढ्या एका वळणाने कुठली पेठ वाढली ते आजचे दोन बाजार शेजारी ठेवून बघा.

फोनमध्ये बसवलेलं जुनं शीट आणि उपग्रहाचा ठिपका यांचा मेळ बसेना. रेल्वे फाटकावर उभे होतो आणि ठिपका दाखवत होता भाताच्या खाचरात. आत्तेभावाला फार आनंद झाला. कारण साधं आहे: जुनी शीटं १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या तेव्हाच्या गणितावर, बेतलेली, फोनचा हिशेब वेगळ्या गोलाभावर आणि वेगळ्या केंद्रापासून. आमच्या भागात त्याने शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. एकदा सगळं शीट तेवढं सरकवून घेतलं की फाटक फाटकावर येतं. प्लेनटेबल, म्हणजे जागेवरच नकाशा काढायचा फळा, खांद्यावर घेऊन, झेंडेवाला खलाशी पुढे पाठवून, जळवांच्या रानात ज्यांनी ही रेघ ओढली त्यांची चूक यात कणभर नाही. त्यांचं फाटक, पूल, ओढा हे एकमेकांपासून अगदी जिथल्या तिथे आहेत.

दुपारी गुंजीला. इथून पुढचा टप्पा मला पायी करायचा होता, आणि त्याचं कारण फक्त शीटवर दिसतं. निळ्या रेघा बोटाने मागे मागे नेत गेलं की एक जागा अशी येते की तिच्या उत्तरेचे ओढे मलप्रभेकडे वळतात आणि दक्षिणेचे पांढरी नदीकडे. मलप्रभा कुडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे पाणी बंगालच्या उपसागराला. पांढरी काळीला मिळते, काळी कारवारला अरबी समुद्राला. आणि वर पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला, तिसरीच तऱ्हा: मलप्रभेचा उगम तिथला, आणि खानापूर तालुक्याच्याच रानातून निघणारी म्हादई मात्र गोव्यात उतरते, पणजीला मांडवी होऊन. एका तालुक्यात पडलेला पाऊस तीन वाटांनी जातो. म्हादईच्या पाण्यावरून दोन राज्यं इतकी वर्षं का भांडतात, लवादाला २०१८ मध्ये निवाडा का द्यावा लागला, आणि निवाड्यानंतरही ते का मिटत नाही, हे पेपरातल्या बातम्यांपेक्षा या निळ्या रेघा लवकर सांगतात. कणकुंबीजवळ दोन खोरी इतकी चिकटून आहेत की इकडचं पाणी तिकडे वळवावं असं कुणाच्याही मनात येईल. नकाशावर ती बोटभराची गोष्ट. जंगलात तसं नसतं.

तर आम्ही ही पाणलोटाची रेघ हुडकत निघालो. रुळावरून चालायचं नाही हे आधीच ठरलं होतं; दुपदरी लाईन झाली, वर विजेच्या तारा आल्या, गाड्या आवाज न करता येतात. हायवेच्या कडेने आणि मग मातीच्या वाटेने. रस्ता रुंदीकरणात गेलेल्या झाडांचे बुंधे अजून दिसतात. शीटवर एका मोरीजवळ 'बी.एम.' अशी अक्षरं आणि फुटांत आकडा होता. दगडावर कोरलेली बेंचमार्कची, म्हणजे मोजून ठेवलेल्या उंचीची, खूण असणार. मोरी नवीन काँक्रीटची. जुने दगड खाली ओढ्यात पडलेले, त्यातले दोन-तीन आत्तेभावाने उलटून पण बघितले. काही नाही.

पाणलोट म्हणावा असा डोंगर तिथे नाहीच. थोडा उंचवटा, साग, मत्ती, मधे एक भाताचं वाफं, आणि पलीकडे उतार लागलाय हे फक्त सायकलवाल्याला कळावं. पण उंचवट्याच्या अलीकडच्या चरीतलं पाणी आमच्या पाठीमागे, खानापूरकडे वाहत होतं आणि पलीकडच्या चरीतलं पुढे लोंढ्याकडे. दोन चरींमधलं अंतर माझ्या पावलांनी चाळीसेक. वाफ्यात काम करणाऱ्या माणसाला विचारलं, हे पाणी कुठं जातं?

"खाली जातंय की," तो म्हणाला.

शनिवार, लोंढा आणि रामनगर

लोंढ्याला ऑम्लेट-पाव खाल्ल्याशिवाय फलाट सोडायचा नाही, हा आमच्या घरातला जुना नियम.

जुन्या शीटवर लोंढा म्हणजे तीन काळ्या रेघा एकत्र येतात ती जागा, आणि तिच्याभोवती थोडेसे चौकोन. 'आर.एस.', म्हणजे रेल्वे स्टेशन, 'पी.टी.ओ.', म्हणजे टपाल आणि तार कचेरी. बाकी चहूकडे 'दाट मिश्र जंगल' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं दूर दूर अंतर ठेवून पसरलेली. तिन्ही रेघा कुठल्या? उत्तरेची खानापूर-बेळगाव-मिरजेची, पूर्वेची नागरगाळी-अळणावर-धारवाडची, पश्चिमेची तिनईघाट-कॅसलरॉकची. गाव आधी आणि स्टेशन मग, असं नाही. स्टेशनने गाव वसवलं: शेड, पाण्याची टाकी, कोळशाची रास, बाबूंचे बंगले, गँगमनच्या चाळी, गोव्याकडून आलेल्यांची घरं, चर्च. आजही लोंढ्यात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू एका चहाच्या टेबलावर चालतात, आणि मला वाटतं बेळगावात ज्याच्यावरून डोकी फुटतात त्यातलं पुष्कळ इथे गाडी कधी येणार या प्रश्नाखाली दबून जातं.

कॉलनीजवळ एक पेन्शनर काका भेटले, पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, म्हणून निवृत्त झालेले. नकाशा बघून त्यांनी चष्मा काढला आणि कागद नाकाशी नेला.

"हे बघा," बोट तिठ्यावर. "मिरजेकडनं येणारी आणि गोव्याकडं जाणारी, दोन्ही लाईन स्टेशनच्या एकाच तोंडाला लागतात. म्हणून गोवा एक्सप्रेसचं इंजिन इथं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. लोक म्हणायचे, गाडी परत का निघाली? नवखी माणसं घाबरून उतरायची पण."

मी हे शीट किती वेळा बघितलं होतं. रेघांचा हा कोन माझ्या लक्षात आला नव्हता. काकांना नकाशा वाचायची गरजच नव्हती, त्यांनी तो हाताने सांधे बदलून पाठ केलेला. मीटरगेजच्या दिवसांत इंजिनाला पाणी पाजायला, कोळसा भरायला, घाटाच्या गाड्यांची जुळणी करायला लोंढ्यात चोवीस तास माणसं लागायची. १९९० च्या दशकात मीटरगेज जाऊन रुंद रूळ आले, त्याआधी वाफ गेली. आता गाडी थांबते, पाच-दहा मिनिटांत निघते. "मंग आम्ही कशाला लागतोय?" काका म्हणाले, आणि लगेच नातवाच्या मोबाईलची तक्रार सुरू केली.

दुपारी रामनगर. लोंढ्यापासून जवळच, पण जिल्हा बदलतो, उत्तर कन्नड लागतो. माझ्या दृष्टीने सगळ्या फेरीतली मुख्य जागा हीच, कारण जुन्या शीटवर हे गावच नाही. जिथे आज बाजार, बसथांबा, पतसंस्थांच्या पाट्या आहेत तिथे हिरवा रंग आणि एक तुटक गाडीवाट. उलट, शेजारच्या आय/११ वर काळी आणि पांढरी यांच्या संगमावर सुपा नावाचं गाव ठळक अक्षरांत आहे, वाटा चारी बाजूंनी येऊन मिळतात. नव्या शीटवर तिथे नुसता निळा रंग. काळी नदीवरचं सुपा धरण, शंभर मीटरच्या वर उंचीचं, १९८० च्या दशकात भरलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं आणि उठवलेली पुष्कळ कुटुंबं रामनगरला आली. एक गाव एका शीटवरून उचलून दुसऱ्यावर ठेवलं, असं कागदावर दिसतं.

आत्तेभावाच्या ओळखीचं एक घर होतं. ओसरीवर जुनं शीट आणि नवं शीट शेजारी पसरलं. घरातल्या मावशी, सत्तरीच्या पुढच्या, आधी लांबूनच बघत होत्या.

"सुपा खंय दाखवलंय?"

मी बोट ठेवलं. त्या पुढे येऊन उकिडव्या बसल्या. इंग्रजी येत नव्हतं, पण नदीची निळी दुहेरी रेघ बघितल्याबरोबर त्यांनी दिशा पकडली. बोट संगमावर ठेवलं, मग एका नदीवरून वर सरकवलं, थांबवलं, थोडं मागे आणलं. "हितनं उतरायचं. हितं नाव लागायची. मंग चढ." त्या जागी शीटवर खरंच समोच्च रेषा दाटलेल्या होत्या. मी विचारलं, घर कुठलं? त्यांनी नदीपासून थोडं वरचं एक काळं टिंब दाखवलं, मग मान हलवली. "नाय, ह्यो नव्हं. ह्यो देवळाकडचा. आमचं अजून अलीकडं." अलीकडे कागदावर काही नव्हतं. एक इंचाला एक मैल या मापात एकाकी घर कधी येतं, कधी येत नाही. ते सर्व्हेअरच्या नजरेवर आणि त्या दिवशीच्या उन्हावर. मावशींना ते पटलं नाही. "देवळाकडचा दिसला आन् आमचा नाय दिसला? आमच्या दारात तर चिंच हुती."

मग त्यांनी नव्या शीटकडे बघितलं, निळ्या रंगावरून हात फिरवला आणि मुलाला हाक मारली, "ये, हे बघ, पाणी कुठंवर आलंय ते." मुलाला त्यात फारसा रस नव्हता. त्याला सातबाऱ्यासारखं काही कामाचं कागदपत्र हवं होतं. पुनर्वसनातल्या जमिनीचं एक प्रकरण एका कचेरीत वर्षानुवर्षं अडकून पडलंय. "ह्या नकाशाचा तिथं उपयोग होईल काय?" त्याने विचारलं. टोपोशीटवर मालकी नसते, गट नंबर नसतात, ते मोजणी खात्याच्या गावनकाशावर असतात. तेवढं मी सांगितलं. मावशींनी संगमाच्या भागाची प्रत मागितली. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून तेवढा तुकडा मोठा करून आणून दिला. झेरॉक्समध्ये निळं, हिरवं, तपकिरी सगळं काळंच येतं, नदी आणि वाट सारखीच दिसायला लागते. म्हणून आत्तेभावाने त्यांच्या नातीच्या स्केचपेनने नदी निळी करून दिली.

रविवार, तिनईघाट आणि कॅसलरॉक

हा दिवस थोडक्यात सांगतो, कारण कॅसलरॉक, दूधसागर यावर लोक भरपूर लिहितात आणि फोटो त्याहून जास्त काढतात.

शीटच्या डाव्या कडेला आंतरराष्ट्रीय सरहद्दीची खूण आणि पलीकडे पोर्तुगीज मुलूख. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने मुरगाव बंदरापासून रेल्वे बांधायचं ठरलं, १८८८ मध्ये ती घाट चढून कॅसलरॉकला सदर्न मराठाच्या रुळांना भिडली. त्यामुळे एवढ्याशा रानातल्या स्टेशनला कस्टमचा रुबाब आला: इंग्रजांचं जकातनाकं इकडे, पोर्तुगिजांचं खाली कुळ्याला. १९५५ मध्ये गोव्याची नाकेबंदी झाली आणि गाड्या इथेच अडल्या. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर ती जाड तुटक रेघ नुसती राज्याची हद्द झाली. नव्या शीटवर तिची खूण बदललीय, जागा तीच.

कॅसलरॉक ते कुळे २६ किलोमीटर, चढ ३७ ला १, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर. आय/७ वर या तुकड्यातल्या समोच्च रेषा इतक्या दाट आहेत की तपकिरी रंगाचा नुसता डाग वाटतो, आणि रेल्वेची रेघ बोगद्यांत शिरून पुन्हा बाहेर येते. त्याच्या शेजारी लोंढा-तिनईघाट बघा, किती मोकळं. तिनईघाट-कुळे दुपदरीकरणावरून एवढा वाद का झाला, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला का अडवलं, हे समजायला तो तपकिरी डाग आणि त्यावरचा गडद हिरवा रंग पुरे. माझं मत विचाराल तर घाट आहे तसा असू द्यावा; बेळगाव-लोंढा दुपदरी झाली त्यात आमचं भलं झालं, खाली डोंगर पोखरून कुणाचा कोळसा वर न्यायचा तो दुसरा प्रश्न.

फलाटावर पोरांचे घोळके, पाठीवर सॅक, दूधसागरला रुळावरून चालत जायच्या बेतात. रेल्वे पोलिसांनी सगळ्यांना परत डब्यात बसवलं. बरं केलं.

कुणाला ही फेरी करायची असेल तर आय/६, आय/७, आय/१० आणि आय/११ अशी चार शीटं लागतील. नवीन मालिकेत क्रमांक वेगळे आहेत. ए-फोर कागदावर छापू नका, समोच्च रेषा एकमेकींत मिसळतात. बेळगावात प्लॉटरवर मोठं छापून देणारे आहेत. खानापूर तालुक्यातल्या भीमगडाकडे जायचं मनात असेल तर २०११ पासून ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते. आमचा अर्ज दिलेला आहे. तो मंजूर होईपर्यंत आय/१० घेऊन हलशीला जाऊन येतो, तिकडे कुणाला विचारावं लागत नाही.